मापात पाप आणि परमेश्वराचे भय : एका ऑनलाइन अभ्यासवर्गाचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात मी आठ रविवारांचा एक ऑनलाइन मराठी अभ्यासवर्ग पूर्ण केला. विषय होता ‘परमेश्वराचे भय आणि शहाणपण’, आणि अभ्यासाला घेतले होते बायबलच्या जुन्या करारातील व त्यावरील यहुदी परंपरेतील निवडक उतारे. शुल्क १,८०० रुपये होते, प्रत्येक सत्र संध्याकाळी सात ते साडेआठ चालत असे आणि प्रत्येक सत्राची टिपणे आदल्या दिवशी मिळतील असे आश्वासन होते. व्यवस्थेतील उणिवांबद्दल मी आयोजकांना स्वतंत्र पत्र लिहिले आहे, त्यामुळे त्यांचे नाव येथे घेत नाही. अशा विषयावरचा वर्ग घ्यावा की नाही असा विचार करणाऱ्याला माझ्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

माझी पार्श्वभूमी आधी सांगणे आवश्यक आहे, कारण परीक्षणाचा कल तिच्यामुळेच ठरला आहे. मी वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. घर वारकऱ्यांचे. बायबलशी संबंध शाळेतल्या एका मित्रापुरता, आणि हिब्रूचे तर एक अक्षरही येत नव्हते. माहितीपत्रकात पाचव्या सत्राचे नाव ‘पिशवीतले दोन दगड’ असे होते आणि त्याखाली ‘खोट्या तराजूविषयी’ एवढेच दोन शब्द होते. केवळ त्या दोन शब्दांसाठी मी पैसे भरले. देवाच्या भयाचा वर्ग तराजूवर एक अख्खा रविवार घालवणार असेल, तर तो शिकवणाऱ्याला विषय कळला असला पाहिजे, असा माझा अंदाज होता आणि तो बव्हंशी खरा ठरला.

वर्गात आम्ही तेवीस जण होतो. शिकवणारे सर जुन्या कराराचे निवृत्त अध्यापक. बोलणे संथ, पण मूळ शब्दाला चिकटून. विद्यार्थ्यांत अहिल्यानगर आणि पुण्याकडील ख्रिस्ती मंडळी बरीच, तीन-चार जण माझ्यासारखे बाहेरचे, आणि इस्राएलमधील अश्दोदहून एक बेने इस्राएली, म्हणजे मराठी यहुदी मावशी, ज्यांच्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असत. त्यांचे आजोळ अलिबागचे. कोकणातील त्यांच्या पूर्वजांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. हे मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितले, तेव्हा तेलाच्या मापांशी माझा किती जुना संबंध आहे हे सांगण्याचा मोह मी कष्टाने आवरला.

पहिली दोन सत्रे एका शब्दावर गेली, आणि माझ्या मते शुल्काचा निम्मा मोबदला तेथेच वसूल झाला. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या सातव्या वचनात परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ असल्याचे सांगितले आहे. नवव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात तेच शहाणपणाविषयी पुन्हा येते, म्हणजे पहिल्या नऊ अध्यायांची एक जुडी या दोन वचनांनी दोन्ही टोकांना बांधली आहे. एकशे अकराव्या स्तोत्राचा शेवटही याच विधानाने होतो. मराठीत आपण ‘भय’ म्हणतो तेथे मूळ हिब्रू शब्द ‘यिर्आ’ आहे आणि त्याची व्याप्ती मोठी आहे. वाघ पाहून होणारा थरकाप त्यात बसतो, आणि समुद्राच्या कडेला उभे राहिल्यावर आपले लहानपण कळते तेही त्यात बसते. सरांनी मग प्रत्येकाला विचारले की यासाठी मराठीत शब्द कोणता द्याल.

येथे वर्ग रंगला. कोणी ‘धाक’ म्हणाले. परंतु धाक बापाचा असतो आणि मूल मोठे झाले की तो उतरतो. कोणी ‘दरारा’ सुचवला. दरारा माणसाच्या रूपाचा किंवा कीर्तीचा असतो, त्याला नात्याची गरज नसते. ‘जरब’ आणि ‘दहशत’ एकमताने बाद झाले. ‘वचक’ हा शब्द मी सुचवला आणि मीच मागे घेतला, कारण वचक अधिकाऱ्याचा असतो आणि तो त्याच्या बदलीबरोबर गावाबाहेर जातो. नंतर मी ‘भीड’ हा शब्द पुढे केला. ज्याच्याविषयी आदर आहे त्याच्यादेखत आपण एखादी गोष्ट करत नाही, ती न करण्याची सक्ती कोणी केलेली नसते, आणि तरी हात आपोआप आवरतो. या अवस्थेला भीड याहून जवळचा शब्द मला अजूनही सुचत नाही. सरांनी तो फळ्यावर लिहिला आणि लगेच त्याची उणीवही दाखवली: भीड ही भिकेची बहीण आहे, असे आपलीच म्हण सांगते, कारण भिडेपोटी माणूस अयोग्य गोष्टीलाही होकार देतो. ज्या भयामुळे माणूस ‘नाही’ म्हणायला शिकतो त्याला ‘भीड’ हे नाव शोभणार नाही. शेवटी ‘भय’ हाच शब्द राहिला, परंतु ‘भय वाटणे’ आणि ‘भय धरणे’ या दोन क्रियापदांतील अंतर माझ्या ध्यानात आले. वाटते ते आपोआप. धरायचे ते जाणूनबुजून. मराठी बायबलात ‘भय धरणे’ हा प्रयोग रुळलेला आहे, आणि माझ्यासारख्या बाहेरच्याला तो आजवर केवळ जुनाट वाटत असे.

याच ओघात ‘पापभीरू’ हा आपला शब्दही आला. आज आपण तो थोड्या हसण्यावारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या गरीब माणसाविषयी वापरतो. परंतु मिश्ना, म्हणजे यहुदी धर्मनियमांचा जुना संग्रह, यातील ‘पितरांची वचने’ या भागात रब्बी हनिना बेन दोसा यांचे एक वचन आहे, त्याचा आशय असा: ज्याच्या शहाणपणाच्या आधी त्याचे पापभय येते त्याचे शहाणपण टिकते, आणि ज्याच्या पापभयाच्या आधी शहाणपण येते त्याचे टिकत नाही. हिब्रूतील त्या शब्दाचे मराठी भाषांतर करायला बसलो तर ‘पापभीरुता’ याहून वेगळा शब्द सापडत नाही.

तिसऱ्या सत्रात निर्गमच्या पुस्तकातील दोन प्रसंग होते. सीनाय पर्वतावर मेघगर्जना आणि धूर पाहून लोक लांब उभे राहतात, तेव्हा मोशे त्यांना एकाच दमात सांगतो की भिऊ नका, देव आला आहे तो त्याचे भय तुमच्यापुढे राहावे आणि तुम्ही पाप करू नये म्हणून. एकाच वचनात तोच धातू दोनदा आला आहे, एकदा नकारात आणि एकदा होकारात. दुसरा प्रसंग शिफ्रा आणि पुआ या दोन सुइणींचा. इब्री बायकांना मुलगा झाला तर त्याला मारून टाका, असा हुकूम मिसरच्या राजाने त्यांना दिला होता. त्या देवाला भीत होत्या म्हणून त्यांनी तो हुकूम पाळला नाही. देवभीरू म्हणजे आज्ञाधारक आणि दबलेला माणूस, हे आपले चित्र त्या दोघींच्या वागण्यात कुठेच बसत नाही. मोठे भय एकदा धरले की लहान भयांचा भाव उतरतो, असे सर म्हणाले. मला हे विधान जरा सफाईदार वाटले, कारण देवाच्या नावाने भित्रे झालेले लोकही मी पुष्कळ पाहिले आहेत. परंतु सुइणींच्या गोष्टीपुरते ते खरे आहे.

चौथे सत्र लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या आणि पंचविसाव्या अध्यायांवर होते. बहिऱ्याला शाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, वृद्धापुढे उठून उभे राहावे, एकमेकांना नाडू नये, अशा आज्ञांच्या शेवटी ‘आपल्या देवाचे भय धर’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात. सगळ्याच आज्ञांना ते जोडलेले नाहीत. मग याच आज्ञांना का? अकराव्या शतकातील फ्रान्समधील भाष्यकार राशी यांनी जुन्या परंपरेच्या आधारे दिलेले उत्तर असे की, ज्या कृत्याचा हेतू केवळ करणाऱ्याच्या मनालाच ठाऊक असतो, तेथे हे शब्द येतात. आंधळा म्हणजे येथे त्या विषयात आंधळा. त्याला जाणूनबुजून चुकीचा सल्ला दिला आणि नंतर ‘मी भल्यासाठीच सांगितले’ असे म्हटले, तर कोणते न्यायालय ते खोटे ठरवणार? तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरील चर्चांच्या ग्रंथात, याचे आणखी एक उदाहरण आहे, जे वाचून वर्गातले सगळेच जण थोडे ओशाळले: विकत घ्यायचे मनात नसताना दुकानदाराला वस्तूचा भाव विचारू नये. दुकानदाराची आशा जागी होते आणि मोडते, आणि आपला हेतू काय होता हे आपल्याशिवाय कोणालाच कळत नाही. लक्ष्मी रोडवर निम्मी गर्दी याच कामासाठी असते, असे पुण्याच्या एका बाई म्हणाल्या.

आता पाचवे सत्र. येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

हिब्रूत वजनाला ‘एव्हेन’ म्हणजे दगडच म्हणतात, कारण वजने खरोखरच दगडाची असत. प्राचीन यहुदा राज्यातील अशी घुमटाकार चुनखडीची वजने उत्खननांत बरीच सापडली आहेत. तळ सपाट, माथा गोल, माथ्यावर शेकेलची खूण आणि आकडा. एक शेकेल सुमारे ११.३ ग्रॅम भरतो, म्हणजे आपल्या तोळ्याहून किंचित कमी. सरांनी त्याचे छायाचित्र दाखवले तेव्हा मी पडद्याच्या अगदी जवळ गेलो. दगडाचे वजन सहजासहजी झिजत नाही, गंजत नाही आणि त्याचा टवका काढला तर लगेच दिसतो. बिडाच्या षट्कोनी वजनाच्या बुडाला शिशाची गोळी असते आणि तिच्यावर निरीक्षकाचा शिक्का उमटवलेला असतो. ते शिसे कोरून आत लाख भरलेली वजने मी माझ्या हाताने जप्त केलेली आहेत.

‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितले आहे की तुझ्या पिशवीत एक लहान व एक मोठा असे दोन दगड नसावेत. मोठा दगड घेण्यासाठी, लहान देण्यासाठी. नीतिसूत्रे हाच धागा पुढे नेतात: खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो, आणि सोळाव्या अध्यायात तर पिशवीतले सगळे दगड ही त्याचीच कृती आहे असे म्हटले आहे. व्यापाऱ्याच्या कनवटीच्या पिशवीतली वजने देवाने घडवली आहेत, ही कल्पना मी कुठल्याही कायद्याच्या प्रस्तावनेत वाचली नव्हती. अनुवादमध्ये या दोन दगडांच्या लगोलग अमालेक लोकांची आठवण येते. वाटेने थकून मागे रेंगाळलेल्या दुबळ्यांना त्यांनी मागून कापले आणि त्यांना देवाचे भय नव्हते, असे त्यांचे वर्णन आहे. खोट्या वजनांनंतर लगेच हा शत्रू का आठवावा, यावर राशींनी भाष्य केलेले आहे. ते म्हणतात की मापात खोट केलीस तर शत्रूच्या उपद्रवाची काळजी कर. मला त्याहून साधी गोष्ट दिसली. मागे राहिलेल्या दुबळ्याला गाठणारा आणि मोजता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला गाठणारा, दोघेही एकच काम करत असतात. आठवडी बाजारात काटामारी कोणाची होते? हातात पिशवी घेऊन घाईने आलेल्या मजुराची. बाजार समितीतल्या व्यापाऱ्याची सहसा होत नाही.

तालमूदने या विषयावर जे लिहून ठेवले आहे ते वाचताना मी दोनदा खुर्चीतून उठलो. कमी किंवा जास्त भरणारे माप घरात ठेवूसुद्धा नये, रात्री लघवीचे भांडे म्हणून वापरण्यापुरतेही ठेवू नये, असा तेथे नियम आहे. न जाणो, कोणी चुकून त्याने मोजेल. त्यावर तालमूदमधले एक पंडित रव पापा म्हणतात की हा नियम जेथे मापांवर शिक्का मारण्याची पद्धत नाही तेथे लागू आहे. जेथे शिक्का असतो तेथे गिऱ्हाईक शिक्का पाहिल्याशिवाय घेणारच नाही. दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वी बाबिलोनियात पडताळणी आणि मुद्रांकन यांवर चाललेली ही चर्चा मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचली असती, तर प्रशिक्षणाच्या वहीत उतरवून घेतली असती. बाजारात मापांसाठी निरीक्षक नेमावेत, पण भावांसाठीही नेमावेत का, हा वादही त्याच ठिकाणी आहे. भाव ठरवण्याच्या अधिकारावरून आमच्या खात्याशी भांडायला येणाऱ्यांना मी आता हा उतारा दाखवीन.

आणि मग रब्बी योहानान बेन झक्काय. इसवी सन ७० मध्ये यरुशलेमेतील मंदिर पडले त्या पिढीतला हा माणूस. मिश्नामध्ये फसवणुकीच्या उपकरणांची एक यादी आहे: तराजूची आतून पोकळ दांडी, जिच्यात धातू लपवता येतो, धान्याच्या मापावरून फिरवून ते सपाट करण्याची पोकळ फळी, आत पैसे ठेवण्याची जागा केलेली कावड. या यादीविषयी योहानान म्हणाले की, सांगितले तरी माझी पंचाईत, न सांगितले तरी पंचाईत. सांगितले तर लबाड लोक त्यातून लबाडी शिकतील; न सांगितले तर ते म्हणतील, या पंडितांना आमच्या धंद्यातले काहीच कळत नाही. आमच्या जनजागृतीच्या प्रदर्शनांत खोटे काटे मांडावेत की नाही, यावर आम्ही कितीदा याच शब्दांत भांडलो आहोत! तालमूदमध्ये पुढे असेही सांगितले आहे की शेवटी त्यांनी ते सांगितले, आणि होशेयच्या पुस्तकातील शेवटच्या वचनाचा आधार घेतला: परमेश्वराचे मार्ग सरळ आहेत, नीतिमान त्यांवरून चालतात आणि पापी त्यांतच ठेचकाळतात.

त्याच योहानानांच्या मृत्युशय्येची गोष्ट सरांनी सत्राच्या शेवटी सांगितली. शिष्य आशीर्वाद मागतात. ते म्हणतात, माणसांचे तुम्हाला जितके भय वाटते तितके स्वर्गाचे, म्हणजे देवाचे, वाटो. शिष्य जरा खट्टू होऊन विचारतात, एवढेच? त्यावर त्यांचे उत्तर असे की, एवढे झाले तरी पुष्कळ. पाप करताना माणूस मनात म्हणतो की कोणा माणसाने पाहू नये म्हणजे झाले. ही गोष्ट ऐकल्यावर वर्गात बराच वेळ कोणी माइक सुरू केला नाही.

तेव्हा मावशी बोलल्या. त्यांच्या समाजात प्रार्थनामंदिराला मराठीत ‘मशीद’ म्हणण्याची जुनी चाल आहे, आणि अशा कितीतरी मंदिरांत धर्मग्रंथाच्या कपाटावर हिब्रूत लिहिलेले असते: तू कोणासमोर उभा आहेस ते जाण. आजोबा बोट धरून आत नेत तेव्हा आधी या ओळीकडे मान वर करायला लावत. ‘भी’ असे लिहिलेले नाही, ‘जाण’ असे लिहिले आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पूर्ण अभ्यासक्रमातले माझ्या लेखी सर्वांत मोलाचे वाक्य टिपणांत नाही. ते त्या बोलल्या.

या सत्रानंतर मला जे उमगले ते माझ्या धंद्याच्या भाषेत मांडतो. गावात निरीक्षक आला की पाट्यांखालून खरी वजने निघतात आणि तो एसटीत बसला की परत जातात. वचकाने काटा सुधारतो, माणसाची समज तशीच राहते. उलट निरीक्षक कोणत्या वारी येतो हे ओळखण्याची हुशारी तेवढी वाढते. तीस वर्षे मी असे समजत होतो की देवाचे भय म्हणजे रजा न घेणारा निरीक्षक. सरांच्या मांडणीतून तेवढेच निष्पन्न होत असते तर मी निराश झालो असतो. परंतु ‘आरंभ’ या अर्थाच्या मूळ शब्दात ‘पहिले’ आणि ‘मुख्य’ असे दोन्ही अर्थ आहेत, आणि ज्ञानाचे मुख्य काय याचे उत्तर मला माझ्याच कामात दिसले. दुकानदाराचे वजन माझ्याकडच्या प्रमाण वजनाशी ताडले जाई, माझे प्रमाण वजन वरच्या दर्जाच्या प्रमाणाशी, ते त्याहून वरच्याशी, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील ५७ क्रमांकाच्या राष्ट्रीय किलोग्रॅमपर्यंत जाई. २० मे २०१९ पासून तर किलोग्रॅमची व्याख्याच धातूच्या ठोकळ्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातील एका न बदलणाऱ्या संख्येवर, नेण्यात आली, कारण पॅरिसजवळच्या मूळ ठोकळ्याचीही खात्री देता येईना. या साखळीतले कोणतेही वजन स्वतःला स्वतःशी ताडून खरे ठरत नाही. मी ज्याने मोजतो ते माप मी ठरवलेले नाही, आणि मीही मोजला जाणार आहे, हे मान्य करणे म्हणजे भय धरणे, आणि ते मान्य केल्याशिवाय मिळवलेले ज्ञान म्हणजे पिशवीतला दुसरा दगड, सोयीप्रमाणे काढायचा. सरांना हे मी लिहून पाठवले. त्यांनी दिलेले उत्तर त्रोटक होते, पण त्यांनी पुढच्या सत्राची सुरुवात त्यानेच केली.

सहावे सत्र मात्र फसले. ईयोबाचे पुस्तक दीड तासात उरकणे हाच मुळात अन्याय. ईयोब देवभीरू होता या वर्णनाने पुस्तक सुरू होते आणि लगेच सैतान विचारतो की ईयोब काय फुकट देवाचे भय धरतो? हा प्रश्न या संपूर्ण विषयाच्या वर्मावर बोट ठेवतो. बरकत असलेला दुकानदार पूर्ण मापाने देतो यात नवल ते काय. दुकान बुडाल्यावर देतो का ते पाहा. नीतिसूत्रे भयाला आयुष्य, मान आणि धन यांचे फळ जोडतात, आणि ईयोब नेमके तेच फळ काढून घेतल्यावर काय उरते ते दाखवतो. अठ्ठाविसाव्या अध्यायात खाणीत खोल उतरून चांदी-सोने शोधणाऱ्या माणसाचे अप्रतिम वर्णन आहे, आणि त्याला सगळे सापडते, शहाणपण तेवढे सापडत नाही. अध्यायाच्या शेवटी प्रभूचे भय हेच शहाणपण असे पुन्हा येते, तेव्हा ते आधीच्या पाठ केलेल्या वचनासारखे राहिलेले नसते. सरांनी हे सगळे चाळीस मिनिटांत सांगितले आणि उरलेला वेळ ईयोबाच्या मित्रांच्या भाषणांच्या सारांशावर घालवला. ईयोबाला दोन रविवार द्यावेत, ही माझी आयोजकांना पहिली सूचना आहे.

सातव्या सत्रातून दोनच गोष्टी सांगतो. बाराव्या शतकातील रंबाम, म्हणजे मायमोनिदीझ, यांनी क्रम उलटा मांडला आहे: सृष्टीचे विलक्षण काम न्याहाळणाऱ्याला आधी प्रेम वाटते, जाणून घेण्याची तहान लागते, आणि त्याच क्षणी आपण किती क्षुद्र आहोत हे कळून तो दचकून मागे सरतो. म्हणजे ज्ञानातून भय. दुसरी गोष्ट तालमूदमधली. धनी नोकराला गव्हाचा एक कोर माळ्यावर चढवायला सांगतो आणि विचारतो, त्यात एक काव (कोर आणि काव ही धान्याची मापे) खारट माती मिसळलीस ना? ही माती धान्याला कीड लागू नये म्हणून घालत. नोकर नाही म्हणतो. धनी म्हणतो, मग चढवला नसतास तरी बरे. गहू म्हणजे विद्या, माती म्हणजे स्वर्गाचे भय. एका कोरात १८० काव मावतात, हे मी हिशेब करून पाहिले. त्यापुढेच असे दिले आहे की धान्य विकताना कोरामागे एवढी एक काव माती मिसळलेली असली तर विकणाऱ्याने चिंता करू नये. अनुज्ञेय त्रुटी! इतर सगळे उपमेत रमले असताना मी एकटा या ओळीवर खूश होतो.

आठवे सत्र उजळणीचे होते; नसते तरी चालले असते.

आता सेवेविषयी. टिपणे आदल्या दिवशी मिळतील असे म्हटले होते; आठपैकी तीनदा ती सत्र संपल्यावर आली. फाँटच्या गोंधळामुळे जोडाक्षरे फुटलेली होती आणि हिब्रू शब्द तर चक्क उलटे छापले गेले होते, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायची लिपी डावीकडून मांडलेली. मावशींनी दाखवून दिले नसते तर मी ‘यिर्आ’ची अक्षरे शेवटापासून पाठ केली असती. ध्वनिचित्रमुद्रण तीस दिवस पाहता येते असे सांगितले होते, परंतु पाचव्या सत्राचे मुद्रण मला अद्याप मिळालेले नाही, आणि मला नेमके तेच हवे आहे. व्हॉट्सअॅप गटावर सुप्रभातचे संदेश बंद करण्याची विनंती दोनदा करावी लागली. शेवटी प्रमाणपत्रासाठी वीस प्रश्नांची एक चाचणी होती; ती घरी सोडवायची होती आणि उत्तरे त्याच फाइलच्या शेवटच्या पानावर होती. ही नजरचूक होती की हीच खरी चाचणी होती, हे मी विचारले नाही. माझे अठरा गुण आले.

संदर्भ देण्यातला सरांचा काटेकोरपणा मात्र वाखाणण्यासारखा होता. मराठीत हा अभ्यास नवा नाही, हे त्यांनी आग्रहाने सांगितले: १८३२ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलींसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले होते, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले, जे त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. केवळ इंग्रजीच्या आधारे शिकवणारा वर्ग मला इतका मानवला नसता.

श्रद्धेची अट नाही. माझ्या वारकरीपणाला कोणी हात लावला नाही, आणि धर्मांतराचा विषय एकदाही निघाला नाही. मन शांत करणारे प्रवचन ऐकायला जाणाऱ्याची निराशा होईल. शब्दाला शब्द ताडून पाहण्याची ज्याला आवड आहे, त्याने १,८०० रुपये जरूर खर्चावेत. पण नाव नोंदवण्यापूर्वी टिपणे दुरुस्त केली आहेत का आणि ईयोबाला किती सत्रे दिली आहेत, हे विचारून घ्यावे. माझ्या हिशेबाने पाचपैकी साडेतीन तारे शिकवण्याला आणि अर्धा व्यवस्थेला.

एक गोष्ट राहिली. आमच्या घरी सासऱ्यांच्या किराणा दुकानातले एक किलोचे बिडाचे वजन दार उघडे राहावे म्हणून कित्येक वर्षे लावलेले होते. दुकान बंद झाल्यापासून त्याची पडताळणी झालेली नाही, आणि शिशावरचा शिक्का बोटाला लागतही नाही. पाचव्या सत्राच्या दुसऱ्या दिवशी मी ते उचलले आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नेले. त्याने ते आपल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. काट्याने ९६० ग्रॅम दाखवले. चूक वजनाची की काट्याची, हे तपासायला माझ्याकडे आता कोणतेच प्रमाण उरलेले नव्हते.